वळिवड्याचा बस्ता

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक जोक फेमस होता. नवीन कुणी जॉइन झालं आणि त्यानं विचारलं, ‘तुम्ही सगळे मूळचे कुठले?’ की आमचा ग्रुप एका सुरात म्हणायचा, ‘हिंजवडीतले निर्वासित!’ मी बीडची, कुणी चंद्रपूरचा, कुणी थेट कानपूरचा. भाड्याचा टू बीएचके, गावाकडून आलेलं लोणचं आणि दर दिवाळीला ट्रॅव्हल्सच्या तिकिटांसाठी मारामारी. झालोच की नाही निर्वासित?

हा जोक मी शेवटचा मारला तो कोल्हापूरजवळच्या गांधीनगरमध्ये, पंच्याऐंशीच्या घरातल्या एका आजींसमोर. त्यानंतर मारलेला नाही.

पण गांधीनगरला मी जोक मारायला गेले नव्हते. गेले होते बस्त्याला. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि आईनं फोनवर यादी सांगितली: आहेराच्या चाळीस साड्या, वीस शर्टपीस, टॉवेल-टोपी वेगळं. पुण्यात हे सगळं घ्यायचं म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या पगाराला निरोप. तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण म्हणाली, ‘वेडी आहेस का? आमच्या गांधीनगरला चल की. होलसेलमध्ये काढू.’ ही मैत्रीण सिंधी. आडनाव ऐकून लोक तिच्याशी हिंदीत बोलायला लागतात आणि ती खास कोल्हापुरी ठसक्यात उत्तर देते, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणखीही एक कारण होतं. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी पोलंडला पाठवायचं ठरवलं होतं. शहराचं नाव व्रोत्सवाफ. हे नाव नीट उच्चारायलाच मला आठवडा लागला. व्हिसाच्या कागदपत्रांनी वैताग आणला होता. ‘देश सोडायचा म्हणजे काय काय भोगावं लागतं’ वगैरे डायलॉग मी रोज मारत होते. मैत्रीण हसून म्हणाली, ‘पोलंडला चाललीयस तर गांधीनगर बघूनच जा. कारण तिथं जाऊन कळेल.’

तावडे हॉटेलवरून डावी-उजवी

शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडली आणि पहाटे हायवेवर तावडे हॉटेलच्या चौकात उतरले. कोल्हापुरात शिरायचं तर इथून एक रस्ता, गांधीनगरला जायचं तर दुसरा. मैत्रीण ॲक्टिव्हा घेऊन उभीच होती. आधी मिसळ, मग काम, हा कोल्हापूरचा नियम आम्ही पाळला. कटाचा दुसरा वाडगा मागितल्यावर माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. ती मात्र शांतपणे तिसरा संपवत होती.

कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवरचं गांधीनगर ही एक अजब जागा आहे. गाव म्हणावं तर गाव दिसत नाही, शहर म्हणावं तर सिनेमागृह आणि मॉल नाहीत. आहेत फक्त कापडाची दुकानं. साड्या, ड्रेस मटेरियल, रेडिमेड, चादरी, टॉवेल. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गठ्ठे, मधून हातगाड्या, वर लोंबणाऱ्या वायरी. सीमाभागातून आणि कोकणातून किरकोळ दुकानदार इथं माल भरायला येतात. लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा नसते. दुकानांच्या पाट्यांवर झुलेलाल, आत गल्ल्याशेजारी अंबाबाई. गादीवर बसलेले शेठ फोनवर सिंधी बोलतात, हमालाशी कोल्हापुरी आणि गुजरातच्या व्यापाऱ्याशी हिंदी. एका वाक्यात तिन्ही भाषा येतात आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आमच्यापुढे साड्या उलगडणारा पोरगा बिहारचा होता. वीस-बावीस वर्षांचा. ‘दीदी, ये पॅटर्न अभी चलता है’ म्हणत त्यानं अर्ध्या तासात साठेक साड्यांचा डोंगर केला. मी विचारलं, घरी कधी जातोस? ‘छठ को जाता हूँ, हर साल.’ मला बरं वाटलं. मी दिवाळीला जाते, हा छठला. आपण एकाच बिरादरीतले, असं मनात म्हटलं.

चाळीस साड्या पार पडल्या. पाठ मोडली होती. मैत्रीण म्हणाली, ‘घरी चल, अम्मा वाट बघतीय.’

खांबाचा खिळा

सिंधी घरात गेलात तर पाण्याबरोबर पापड येतो. चहा नंतर. अम्मांनी, म्हणजे मैत्रिणीच्या आजींनी, पापड पुढे केला आणि कोल्हापुरी बायका बोलतात तसं थेट पुरुषी क्रियापदात म्हणाल्या, ‘मी सकाळपासनं बसलोय. किती उशीर?’

गप्पांत पोलंडचा विषय निघाला. मी व्हिसाची रडकथा लावली आणि सवयीनं शेवटी तो जोक जोडला: ‘अम्मा, आम्हीपण निर्वासितच. आधी बीडहून पुणे, आता पुण्याहून पोलंड.’

मैत्रीण एकदम गप्प झाली. अम्मा मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘दिवाळीला गावी जातीस?’

‘हो, दरवर्षी.’

‘घर हाय तिथं? आई-बाप हाय?’

‘आहेत ना.’

‘पोलंड आवडलं नाय तर परत येशील?’

‘येईन की.’

‘मग तू निर्वासित कशी गं?’

बस, एवढंच. पुढे त्यांनी सांगितलं ते त्यांच्या पद्धतीनं, मध्येच दालपक्वान वाढत. १९४८ साली त्या सात वर्षांच्या होत्या. घर सिंध हैदराबादला. फाळणीत पंजाबचे आणि बंगालचे दोन तुकडे झाले, पण सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे पंजाबी माणसाला निदान इकडचा पंजाब तरी होता, सिंध्याला इकडं स्वतःचं म्हणावं असं एकही गाव नव्हतं. सुरुवातीला बरेच सिंधी हिंदू तिथंच राहायचं म्हणत होते. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाली आणि मग बोटी भरभरून लोक निघाले. अम्मांचे वडील म्हणाले होते, चार महिन्यांत परत येऊ. त्यामुळे थोरल्या भावाची शाळेची फीसुद्धा पुढच्या सहामाहीची भरून ठेवली होती.

‘मुंबईला उतरलो, तिथनं एका कॅम्पात, तिथनं आगगाडीनं हितं. वळिवडे स्टेशनात. रांगेनं बराकी हुत्या. आमच्या बराकीत खांबाला खिळा हुता. आधीच्या लोकान्ला काय टांगायला लागत असंल. आईनं त्याच्यावर झुलेलालचं चित्र टांगलं आन् म्हणाली, झालं घर.’

‘आधीचे लोक म्हणजे?’ मी विचारलं.

मैत्रीण हसली. ‘म्हणजे तुझे पोलंडवाले.’

सैबेरियातून पंचगंगेच्या काठी

आता ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती हे कबूल करते. बीडच्या शाळेत ती कुणी शिकवली नाही आणि इंटरनेटवर मी व्रोत्सवाफमधले फ्लॅटचे भाव सोडून काही बघितलं नव्हतं.

सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला आणि सतराव्या दिवशी पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. १९४० आणि ४१मध्ये रशियानं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत भरली आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. थंडी, उपासमार, सक्तीची मजुरी. जून १९४१मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा चित्र पालटलं. पोलिश कैद्यांना सोडलं, त्यांची फौज उभी राहिली आणि १९४२मध्ये त्या फौजेबरोबर बायकामुलंही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोचली. एक लाखाहून जास्त माणसं. फौज पुढे लढायला गेली. मागे राहिलेल्या बायकामुलांना ठेवायचं कुठं?

जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांची छावणी उघडली, तो किस्सा थोडाफार ऐकलेला असतो. पण त्याहून मोठी वस्ती झाली ती कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, वळिवड्याला. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं इथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं, सगळं होतं. इराणहून येताना त्यांचा मुक्काम कराचीच्या छावणीत व्हायचा. म्हणजे बघा, पोलिश माणसं कराचीवरून वळिवड्याला आली आणि पाच वर्षांनी सिंधी माणसंही कराचीच्याच बंदरातून निघून त्याच बराकींत आली.

युद्ध संपलं, जर्मनी हरला. मग हे लोक घरी का गेले नाहीत? कारण घर होतं तिथंच होतं, देश हलला होता. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकायचं ठरलं. ज्यांनी मालगाडीत घातलं त्यांच्याच राज्यात परत जायचं? काही जण नव्या पोलंडात गेले. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा असे पांगले. एक तरुणी कोल्हापूरच्या मुलाशी लग्न करून इथंच राहिली आणि नऊवारी-पाचवारीत रमली, असं गांधीनगरमध्ये कौतुकानं सांगतात.

आणि माझं व्रोत्सवाफ? ते १९४५पर्यंत जर्मन शहर होतं, ब्रेस्लाऊ नावाचं. तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं आणि पूर्वेकडून हाकललेले पोलिश लोक येऊन राहिले. म्हणजे मी ज्या शहरात ‘ऑनसाइट’ जाणार होते, तिथंही दुसऱ्याच्या घरातल्या खिळ्यावर आपलं चित्र टांगणारी माणसं होती.

तीन प्रश्न

रात्री तांबडा-पांढरा झाल्यावर मैत्रिणीच्या वकील काकांनी मला कायदा समजावून सांगितला. तो असा.

१९५१ साली जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासिताची व्याख्या केली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचपैकी एखाद्या कारणानं आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, त्या भीतीनं जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि ज्याला स्वतःच्या देशाचं संरक्षण मिळत नाही किंवा मागायची भीती वाटते, तो निर्वासित. काका म्हणाले, तीन प्रश्न विचारायचे. सीमा ओलांडली का? भीती कशाची? आणि तुझं सरकार तुझ्या बाजूनं आहे का? हा दर्जा ठरायच्या आधी जो दारात उभा असतो, तो आश्रय मागणारा.

स्थलांतरित म्हणजे बाकीचे आपण सगळे. नोकरी, शिक्षण, लग्न, चांगला पगार. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२४मध्ये जगात तीस कोटींहून जास्त माणसं स्वतःच्या देशाबाहेर राहत होती आणि त्यातली बहुतेक अशीच. काकांनी एक उदाहरण दिलं ते डोक्यात पक्कं बसलं: ‘पोलंडात तुझा पासपोर्ट हरवला तर तू कुठं जाशील? भारताच्या दूतावासात. निर्वासिताला नेमकं त्याच दाराची भीती असते.’

म्हणून त्या करारातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे तेहतिसावं: जिथं जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे तिथं त्याला परत ढकलायचं नाही. मला व्हिसा संपल्यावर परत पाठवलं तर फार तर माझा ईएमआय बोंबलेल. त्याला पाठवलं तर तो मरू शकतो.

भारतानं या करारावर सही केलेली नाही, १९६७च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, प्रत्येक गटाचा निर्णय सरकार वेगळा घेतं. तरीही १९५९मध्ये तिबेटी आले, १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली आणि बांगलादेश झाल्यावर बहुतेक परत गेली, १९८३पासून श्रीलंकेतले तमिळ आले.

मग अम्मा कोण? इथं गंमत आहे. आपल्या राज्यघटनेचं सहावं कलम पाकिस्तानातून ‘स्थलांतर करून’ आलेल्यांना नागरिकत्व देतं, १९ जुलै १९४८च्या आधी आलेल्यांना सोप्या अटींवर. १९५४चा पुनर्वसनाचा कायदा त्यांनाच ‘विस्थापित व्यक्ती’ म्हणतो. आणि शेजारपाजारचे म्हणायचे ‘निर्वासित’, कधी कणव म्हणून, कधी शिवी म्हणून. एकाच सात वर्षांच्या मुलीला तीन शब्द. अम्मांना विचारलं तर म्हणाल्या, ‘शाळेत पोरं निर्वासित-निर्वासित चिडवायची. बाप म्हणायचा, त्यांना सांग आम्ही मागायला नाय, कमवायला आलोय.’ वडील डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन आसपासच्या गावांत फिरायचे. आजच्या बाजारपेठेचं मूळ अशा गठ्ठ्यांत आहे.

आजोबांची कोपी

हे सगळं इतकं सरळ असतं तर मी शांत झोपले असते. पण गच्चीवर उभी राहिले तर लांबवर उसाची शेतं आणि मला एकदम आजोबा आठवले.

आमच्या बीडच्या घरात ज्या विषयावर कुणी फार बोलत नाही तो हा. माझे आजोबा-आजी ऊसतोडीला यायचे, कोल्हापूरच्याच पट्ट्यात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत संसार टाकायचा आणि फडाशेजारी कोपी बांधायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझे वडील लहानपणी चार हिवाळे त्या कोपीत राहिले, शाळा बुडवून बैल राखत. पुढं मामानं त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं म्हणून ते शिकले आणि म्हणून मी हिंजवडीत आहे.

आता सांगा, आजोबा स्वखुशीनं आले होते? पाऊस नाही, विहीर कोरडी, अंगावर उचल. काकांचे तीन प्रश्न लावले तर ते सरळ स्थलांतरित: सीमा नाही, छळ नाही, सरकार आपलंच. पण ‘मर्जीनं गेला’ हे म्हणताना जीभ अडखळते. तसंच धरणात गाव गेलेला माणूस. तो स्वतःच्या देशातच बेघर. त्याला आपण धरणग्रस्त म्हणतो, निर्वासित नाही. २०२४च्या अखेरीस जगात युद्ध, हिंसा, छळ यांनी घर सोडायला लागलेली बारा कोटींहून जास्त माणसं होती. त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात होती, म्हणजे कराराच्या व्याख्येत निर्वासित नव्हती.

सकाळी मी अम्मांना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हालच की ते. थंडीत पोरं घेऊन कोपीत राहायचं म्हंजे चेष्टा नाय. पर पाडव्याच्या आसपास गाडी जुपून गावाकडं जायचे न्हवं? आमची गाडी जुपलीच नाय परत.’

यात कुणाचं दुःख मोठं याची स्पर्धा नव्हती. मला एवढंच कळलं की शब्द चुकला की उपाय चुकतो. आजोबांना हवी होती रास्त मजुरी, उचलीतून सुटका, पोरांना शाळा. आश्रय नको होता. वळिवड्याच्या पोलिश बाईला आधी हवं होतं की तिला परत पाठवू नये, बाकी सगळं नंतर. साडी दाखवणाऱ्या त्या बिहारी पोराला हवी आहे राहायला धड खोली आणि ‘परप्रांतीय’ म्हणून कुणी हटकू नये एवढी शांतता. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की कुणाचंच काम होत नाही. आणि मी कँटीनमध्ये स्वतःला निर्वासित म्हणते तेव्हा फुकटात सहानुभूती घेते, हेही कळलं.

परतीची तारीख

रविवारी दुपारी आम्ही वळिवड्यात गेलो. २०१९मध्ये इथं छावणीचं स्मारक उभं राहिलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ आहे आणि ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांच्या कबरी. त्या मला जास्त भिडल्या. सैबेरियातून जगून आलेलं माणूस, आणि शेवट पंचगंगेच्या काठी. तिकडे वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं आदरांजली वाहिली, तेव्हा बऱ्याच जणांनी वळिवड्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा त्याच पोलंडनं दहा लाखांहून जास्त युक्रेनियन लोकांना आसरा दिला. आपले तिकडे शिकणारे विद्यार्थीही पोलंडच्या सीमेवरून बाहेर पडले. फरक एवढाच की आपल्या पोरांना न्यायला विमानं आली. त्यांना घर होतं.

निघताना अम्मांनी डब्यात कोकी बांधून दिली. सिंधी कोकी दोन दिवस टिकते, प्रवासाला उत्तम. गेटपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘तिकडं कोण म्हातारी भेटली वळिवड्याची, तर सांग तिला. म्हणावं, जागा आम्ही नीट ठेवलीया.’

सोमवारी व्हिसाचा फॉर्म पुन्हा उघडला. प्रवासाचा हेतू: नोकरी. त्याच्या खाली परतीच्या अपेक्षित तारखेचा रकाना. आधी याच रकान्यावर मी चिडले होते, आतापासून कसं सांगणार म्हणून. या वेळी कॅलेंडर काढलं, दिवाळी कधी आहे ते बघितलं आणि तारीख टाकली.

जायचं असेल तर

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. हायवेवर तावडे हॉटेलला उतरून गांधीनगरसाठी रिक्षा मिळते. मिरज-कोल्हापूर मार्गावर पॅसेंजर वळिवडे स्टेशनला थांबते. बस्ता काढायचा असेल तर सकाळी लवकर जा, होलसेलच्या दुकानात एखाद-दुसऱ्या नगासाठी घासाघीस करू नका. आणि खरेदीनंतर तासभर राखून ठेवा. दुकानातल्या एखाद्या वयस्कर माणसाला फक्त विचारा, ‘तुम्ही इथं कधी आलात?’